फायरबॉल पडला, आता शेल्फ जळणार का? नव्या डीएमसाठी स्पेलचे निवाडे

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून, पात्रं होऊन खेळायच्या खेळाच्या जवळजवळ प्रत्येक नव्या टेबलावर हा प्रसंग येतो. पाचव्या लेव्हलला विझर्डच्या, म्हणजे जादूगार पात्राच्या, हाती फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा स्पेल (जादूचा मंत्र) लागतो, पहिल्याच संधीला तो टाकला जातो, फासे मोजून होतात, गॉब्लिन आडवे होतात. मग प्रश्न सुरू होतात. भिंतीलगतच्या लाकडी शेल्फचं काय झालं? त्यावरची कागदपत्रं जळाली का? दार बंद होतं, मग आतली हवा संपली नाही का? दहा मिनिटांनी टेबलावर ज्वलनाचं रसायनशास्त्र चालू असतं आणि ज्याची पाळी आहे तो मोबाइल बघत बसलेला असतो.

ही दहा मिनिटं एका मिनिटावर आणता येतात. त्यासाठी दोन वाक्यं पाठ करा. स्पेल काय करतो हे पुस्तकातला मजकूर ठरवतो. स्पेलने जे केलं त्यावर आजूबाजूचं जग कसं वागतं, हे डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) ठरवतो. वास्तवाला टेबलावर जागा आहे आणि ती असायलाच हवी, पण तिची पाळी दुसऱ्या वाक्यात येते. बहुतेक वाद ही दोन वाक्यं एकमेकांत मिसळल्यामुळे होतात: खेळाडू विज्ञानाचा दाखला देऊन स्पेललाच नवी ताकद जोडू पाहतो, किंवा डीएम नियमाच्या आडोशाने जगाला दगडासारखं निर्जीव करून टाकतो. दोन्ही चुका सारख्याच वाईट.

खाली पाचव्या आवृत्तीचे आकडे वापरले आहेत, २०१४ च्या पुस्तकातले. २०२४ च्या पुस्तकात जिथे महत्त्वाचा फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

पहिली पायरी: कुठली आवृत्ती ते ठरवा, आणि मजकूर उघडून ठेवा

स्पेल आठवणीतून कधीच चालवू नका. नाव तेच राहतं, आतलं सगळं बदललेलं असतं. फायरबॉलचंच बघा. १९७८ च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये फायरबॉल म्हणजे ठराविक घनफळाची आग होती, सुमारे ३३,००० घनफूट. जागा कमी पडली की ती उरलेल्या वाटेने पसरायची. १० फूट रुंद आणि १० फूट उंच बोळात टाकला तर हिशेबाने ३३० फूट बोळ आगीने भरायचा, आणि टाकणारा स्वतःच भाजून निघायचा. त्या काळची लाइटनिंग बोल्टही भिंतीवर आपटून परत यायची. ३.५ आवृत्तीत (२००३) फायरबॉलने शिसं, सोनं, चांदी, तांबं वितळू शकतं असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पाचव्या आवृत्तीत यातलं काहीही नाही: २० फूट त्रिज्येचा गोल, ८डी६ (सहा बाजूंच्या आठ फाशांची बेरीज) एवढं आगीचं डॅमेज म्हणजे इजा, डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईने बचावाचा फासा) जमला तर निम्मं. बोळ अरुंद असला तरी आग गोलाबाहेर जात नाही.

म्हणून "फायरबॉल मागे उलटतो ना?" असं कुणी ठामपणे म्हणालं तर तो खोटं बोलत नसतो. त्याने दुसऱ्या आवृत्तीचं वाचलेलं किंवा ऐकलेलं असतं.

पुस्तक विकत घेतलं नसेल तरी अडचण नाही. मूळ नियमांचा संच, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतो. फायरबॉल, ग्रीस, वेब, हीट मेटल, एन्लार्ज, क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर हे भांडणाचे नेहमीचे मानकरी सगळे त्यात आहेत. खेळाडूंना सांगून ठेवा: ज्याचा स्पेल, त्याने मजकूर समोर ठेवायचा.

दुसरी पायरी: मजकुरातले चार शब्द शोधा

सगळा परिच्छेद वाचायचाच, पण नजर चार ठिकाणी थांबली पाहिजे.

पहिलं, निशाण्यावर कोण आहे: जीव, वस्तू की जागेवरचा एखादा बिंदू? मराठीत खेळताना इथेच घोटाळा होतो. इंग्रजी मजकूर वाचून आपण तोंडी सांगतो, "समोरच्या कशावरही टाकता येतो." त्या 'कशावरही'मध्ये जीव आणि वस्तू एक होऊन जातात. पुस्तक मात्र हे दोन शब्द फार काटेकोरपणे वेगळे ठेवतं. फायरबॉलचं डॅमेज 'प्रत्येक जीवाला' होतं, वस्तूंना नाही. शॅटर या दुसऱ्या लेव्हलच्या स्पेलमध्ये मात्र जादूई नसलेल्या आणि कुणाच्या अंगावर नसलेल्या वस्तूंनाही ३डी८ डॅमेज होतं असं वेगळं वाक्य आहे. म्हणजे लिहिणाऱ्यांना जिथे वस्तू फोडायच्या होत्या तिथे त्यांनी तसं लिहिलं. फायरबॉलने दगडी दार फुटत नाही, त्याचं कारण हे. तोंडी सांगताना 'जीव' आणि 'वस्तू' हेच शब्द वापरायची सवय लावून घ्या.

दुसरं, 'अंगावर घातलेली किंवा जवळ बाळगलेली' वस्तू सुटते का? फायरबॉल, फायर बोल्ट, बर्निंग हँड्स या तिन्हींमध्ये ही सूट आहे. शेल्फ पेटतं, गॉब्लिनचा सदरा पेटत नाही. सदरा पेटायलाच हवा असं वास्तव सांगतं, हे खरं. पण ही सूट काढली की प्रत्येक आगीनंतर पाठीवरच्या पिशव्या, दोर, स्क्रोल, औषधाच्या बाटल्या अशा प्रत्येक वस्तूचा सेव्ह फेकायला लागतो, आणि एका फायरबॉलला पाऊण तास जातो.

तिसरं, मुदत आणि मोजमाप. चौथं, 'तिथपर्यंत मोकळी वाट' हवी की नको. या दोन्हींबद्दल पुढे येईलच.

एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात घ्या. मजकूर काय म्हणत नाही, हेही वाचायचं असतं. वेबच्या मजकुरात लिहिलं आहे की जाळं ज्वलनशील आहे, आग लागली की ५ फुटांचा घन एका राउंडमध्ये (सगळ्यांच्या पाळ्यांच्या एका फेरीत) जळून जातो आणि त्या आगीत पाळी सुरू करणाऱ्याला २डी४ डॅमेज होतं. त्याच पुस्तकातल्या ग्रीसमध्ये असं एक अक्षरही नाही. हा विसर नव्हता. २०२४ च्या पुस्तकात तर 'ज्वलनशील नसलेलं ग्रीस' असं सरळ लिहूनच टाकलं.

तिसरी पायरी: स्पेलच्या बाहेरचे सर्वसाधारण नियम बघा

स्पेल गप्प आहे म्हणजे पुस्तक गप्प आहे असं नाही. नव्या डीएमला वाटतं की आता आपल्यालाच ठरवावं लागणार, आणि उत्तर दहा पानं पुढे छापलेलं असतं. हे आकडे एका कागदावर लिहून डीएम स्क्रीनच्या आतल्या बाजूला चिकटवा.

वस्तूंचा आर्मर क्लास (घाव लागायला फाशावर गाठायचा आकडा): कापड, कागद, दोर ११, काच, स्फटिक, बर्फ १३, लाकूड, हाड १५, दगड १७, लोखंड, पोलाद १९. वस्तूंचे हिट पॉइंट (एवढं डॅमेज झालं की वस्तू मोडली): पेटीएवढी लहान वस्तू नाजूक असेल तर ३, भक्कम असेल तर १०, पिंपाएवढी मध्यम वस्तू ४ किंवा १८, गाडीएवढी मोठी वस्तू ५ किंवा २७.

पडणं: दर १० फुटांना १डी६, कमाल २०डी६. पूर्ण बुडालेल्या जीवाला आणि वस्तूला आगीच्या डॅमेजपासून रेझिस्टन्स, म्हणजे निम्मं डॅमेज. श्वास रोखणं: १ मिनिट अधिक कॉन्स्टिट्यूशनचा (शरीराच्या काटकपणाचा) मॉडिफायर तेवढी मिनिटं, निदान ३० सेकंद. पेटलेल्या जीवाला किंवा वस्तूला पाळीच्या सुरुवातीला १डी४ (हा आकडा २०२४ च्या पुस्तकात सरळ दिलेला आहे, २०१४ चं पुस्तक वापरत असाल तरी हाच घ्या).

आता शेल्फचा प्रश्न सोडवून बघू. मजकूर म्हणतो, कुणाजवळ नसलेल्या ज्वलनशील वस्तू पेटतात. म्हणजे शेल्फ पेटलं, वाद संपला. ते मध्यम आकाराचं आणि भक्कम, म्हणून १८ हिट पॉइंट. १डी४ ची सरासरी अडीच, म्हणजे सुमारे सात राउंडांत शेल्फ कोसळेल. कागद मात्र नाजूक, ३ हिट पॉइंट, एक-दोन राउंडांत राख. कागदपत्रं बंद पेटीत असतील तर? पेटीच्या भिंती म्हणजे पूर्ण आडोसा, आतल्या कागदाला फायरबॉल शिवत नाही. पेटी स्वतः पेटते, तिचे १० हिट पॉइंट चार राउंडांत संपतील. म्हणजे खेळाडूंच्या हातात चार राउंड आहेत, आणि खोलीच्या त्या टोकाला अजून दोन गॉब्लिन उभे आहेत. वास्तव इथे खेळाच्या कामी आलं, कारण ते आकड्यांतून आलं.

आणि हवेचं काय? समजा, डीएमने मान्य केलं की बंद खोलीतली हवा खरोखर जळून गेली. तरी साधा माणूस नियमाप्रमाणे १ मिनिट श्वास रोखतो. एक राउंड ६ सेकंदांचा, म्हणजे दहा राउंड. तेवढ्यात लढाई बहुधा संपलेली असते किंवा कुणीतरी दार उघडलेलं असतं. ही युक्ती सगळीकडे चालते: खेळाडूचं विज्ञान खरं धरा, त्याला सर्वसाधारण नियमातून गाळून घ्या, आणि हातात काय उरतं ते बघा. बऱ्याचदा काहीच उरत नाही, आणि कुणाला 'तुझं चूक' म्हणावं लागत नाही.

काचेच्या खिडकीचा प्रश्नही असाच. विझर्डला काचेपलीकडचा शत्रू दिसतो. दिसतो म्हणजे टाकता येतो असं त्याला वाटतं. नियम सांगतो की निशाण्यापर्यंत मोकळी वाट हवी. काच पारदर्शक असली तरी आड आहेच. फायरबॉल काचेपर्यंत गेला तर तो अलीकडेच फुटेल, विझर्डच्या तोंडावर. हे मात्र टाकण्याआधी खेळाडूला सांगा. त्याच्या पात्राला जे माहीत असणार ते त्याच्यापासून लपवून मग त्याला जाळणं, हा निवाडा नाही. काच आधी फोडायची असेल तर आर्मर क्लास १३ आणि हिट पॉइंट चार-पाच. मित्राने बाण मारला, काच फुटली, पुढच्या पाळीला फायरबॉल आत. दोघांनी मिळून केलेलं हे काम टेबलाला जास्त आवडतं.

चौथी पायरी: सगळं गप्प असेल तर तीन प्रश्न

आता उरतात ती खरी धूसर प्रकरणं. इथे वास्तवाला बोलावायचं, पण दारावर तीन प्रश्न विचारून.

एक: हे मान्य केलं तर स्पेल त्याच्या लेव्हलपेक्षा मोठा होतो का? दोन: परिणाम जगावर होतोय की थेट जीवाच्या शरीरावर? तीन: हेच शत्रूने तुमच्या गटावर केलं तर चालेल का?

क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर हे याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. पहिल्या लेव्हलचा स्पेल, १० गॅलन म्हणजे जवळपास ३८ लिटर स्वच्छ पाणी, ३० फुटांच्या आत, उघड्या भांड्यात. खेळाडू म्हणतो, "तोंड उघडं आहे, म्हणजे फुप्फुसं उघडं भांडं. भरलं पाणी." दुसऱ्या पायरीवरच हे अडतं: भांडं ही वस्तू, समोरचा हा जीव. पण वाद तिथे थांबला नाही तर तीन प्रश्न विचारा. पहिल्या लेव्हलच्या स्पेलने सेव्हशिवाय खात्रीचा मृत्यू? नाही. थेट शरीरावर? हो. आणि उद्या शत्रूकडच्या क्लेरिकने (पुजारी पात्राने) दर लढाईत पहिल्याच पाळीला तुमचा फायटर असा बुडवला तर? तिसऱ्या प्रश्नाला टेबलावर शांतता पसरते. तीच खूण.

त्याच स्पेलचा दुसरा अर्धा भाग खेळाडू विसरतात: ३० फुटांच्या घनात पाऊस, आणि त्या भागातल्या उघड्या ज्वाळा विझतात. म्हणजे वर पेटलेली कागदपत्रांची पेटी वाचवायचा हाच उपाय. 'नाही' म्हणताना असा दुसरा दरवाजा दाखवता आला तर जरूर दाखवा.

पाणी आणि वीज. "अरे, सगळे कंबरभर पाण्यात उभे आहेत, लाइटनिंग बोल्ट सगळ्यांना लागायला नको?" इथे भौतिकशास्त्र स्वतःच एका बाजूने बोलत नाही. शुद्ध पाणी विजेचं वाईट वाहक. खारं पाणी चांगलं वाहक, पण त्यात प्रवाह चहूकडे फाकतो आणि अंतराबरोबर विरळ होत जातो. टेबलावर कुणीतरी इंजिनिअर असतोच, कधी दोघे असतात, आणि त्या दोघांचं एकमत होत नाही. पुस्तकात बुडालेल्यांना आगीपासून रेझिस्टन्स आहे, विजेबद्दल सर्वसाधारण नियम नाही. पहिला प्रश्न विचारा: १०० फूट लांब आणि ५ फूट रुंद रेषेऐवजी अख्खा तलाव? तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलला हे फार झालं. रेषा तेवढीच ठेवा. वर्णन करताना मात्र हात आखडता घेऊ नका: पाणी उसळलं, वाफ निघाली, रेषेबाहेरच्यांच्या पायाला झिणझिण्या आल्या. डॅमेज शून्य. वर्णनाला लेव्हल लागत नाही.

कुलुपातलं बर्फ हा तिसरा नेहमीचा. शेप वॉटर या कॅन्ट्रिपने (हवा तितक्या वेळा टाकता येणाऱ्या साध्या स्पेलने) कुलुपात पाणी घालून ते गोठवायचं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून कुलूप फुटेल असा हिशेब. इथे वास्तव जरा बारकाईने बघण्यासारखं आहे. नळ फुटतो तो पाणी सगळीकडून कोंडलेलं असतं म्हणून. कुलुपाला किल्लीचं भोक उघडं असतं, बर्फ तिथून बाहेर सरकेल. उलट आतल्या पिना बर्फात गच्च अडकतील आणि कुलूप उघडायला आणखी अवघड होईल. म्हणजे ही युक्ती दार उघडायची नाही, पाठलाग करणाऱ्यांचं दार अडवायची आहे. आणि त्यासाठी ती खरंच उत्तम आहे: तासभर बर्फ टिकतं, तोवर त्या कुलुपावर हत्यारं चालवणाऱ्याने दोन फासे टाकून छोटा घ्यायचा, म्हणजेच डिसअ‍ॅडव्हान्टेज.

जिथे मजकूर स्वतःच वास्तव देतो

काही स्पेल एखादी भौतिक गोष्ट स्पष्ट सांगतात. तिथे डीएमने कंजुषी करू नये.

एन्लार्ज घ्या. मजकूर म्हणतो, आकार सर्व बाजूंनी दुप्पट आणि वजन आठपट. हे गणिताला धरून आहे, लांबी-रुंदी-उंची दुप्पट म्हणजे घनफळ आठपट. ८० किलोचा ओर्क ६४० किलोचा होतो. तो दोराच्या पुलावर उभा असेल तर पुलाची काळजी करायला डीएमकडे छापील कारण आहे. इथे खेळाडू स्पेलला नवी ताकद जोडत नाही, स्पेलने दिलेला आकडा जगासमोर ठेवतो. आमचा कौल सरळ आहे: पुलाला तुटायची संधी द्या. दोर नाजूक, आर्मर क्लास ११. किंवा दर राउंडला फासा टाकून दोर टिकतो का बघा. मात्र ओर्क एन्लार्ज टाळण्यासाठी कॉन्स्टिट्यूशन सेव्ह करू शकतो हे विसरू नका, आणि पूल तुटला तर त्यावरचा तुमच्या गटातला चोर (इंग्रजीत 'रोग') पण खाली जाईल.

दुसऱ्या टोकाची युक्तीही याच मजकुराने मोडते. "अरुंद पाइपात घुसलेल्या चोराला मोठं करतो, चिरडून जाईल." लिहिलं आहे की जागा कमी असेल तर मावेल तेवढाच आकार होतो. चिरडणं नाही.

हीट मेटल जरा नाजूक आहे. बनवलेली धातूची वस्तू लालबुंद तापते, तिला टेकलेल्या जीवाला २डी८, आणि पुढच्या प्रत्येक पाळीला बोनस अ‍ॅक्शन खर्चून पुन्हा तेच, १ मिनिटापर्यंत. लोखंड लाल दिसायला लागतं ते साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे. तेवढ्या तापलेल्या चिलखतात माणूस जगणार नाही, हे कुणीही सांगेल. पण सरासरी ९ डॅमेज हीच त्या स्पेलची ठरलेली किंमत आहे. शिवाय नियम मुळातच पुरेसा निर्दयी आहे: जड चिलखत उतरवायला ५ मिनिटं लागतात आणि स्पेल १ मिनिटाचा. दहाही राउंड चालला तर सरासरी ९० डॅमेज, बचावाला फक्त तुमचं कॉन्सन्ट्रेशन (स्पेल चालू ठेवणारी एकाग्रता) मोडणं. त्यावर आणखी 'कातडी जळाली म्हणून आंधळा' वगैरे चढवू नका.

'लालबुंद' हा शब्द मात्र मजकुरातलाच आहे. तापलेली तलवार कोरड्या गवताच्या गंजीत टाकली तर गंजी पेटावी का? पेटावी. तापलेल्या कढईवर अंडं शिजावं का? शिजावं. रक्तातलं लोह तापवता येईल का? नाही, ती बनवलेली वस्तूच नव्हे. खाणीतलं कच्चं खनिजही नाही, त्याच कारणाने.

पाचवी पायरी: 'हो' म्हणायचं असेल तर किंमत लावा

तीन प्रश्नांतून युक्ती सुटली, सगळ्यांना आवडली, आता आकडा हवा. हवेतून काढू नका. पुस्तकात जवळचं काहीतरी शोधा.

२०१४ च्या टेबलावर ग्रीस पेटवायचंच असं ठरलं, असं धरा. जवळची वस्तू म्हणजे तेलाची बाटली: १ चांदीचं नाणं, जमिनीवर ओतली तर ५ फुटांचा चौकोन, पेटवली तर दोन राउंड जळते, त्यात शिरणाऱ्याला किंवा पाळी संपवणाऱ्याला ५ डॅमेज. ग्रीस १० फुटांचा चौकोन व्यापतं, म्हणजे चार बाटल्या. तेच आकडे लावा: ५ डॅमेज, दोन राउंड, आणि मग ग्रीस जळून गेलं, निसरडंही संपलं. पहिल्या लेव्हलचा स्पेल चार नाण्यांच्या तेलाएवढा जळतो, कुणाची तक्रार राहत नाही. इथे नवा डीएम हमखास चुकतो: 'आग' म्हटल्यावर ४डी६ सांगून बसतो, आणि पुढच्या प्रत्येक सेशनमध्ये ग्रीस अधिक फायर बोल्ट हीच एकमेव चाल उरते.

जवळचं काहीच सापडलं नाही तर डीएमच्या पुस्तकातला तयार तक्ता वापरा: निखाऱ्यांनी भाजणं १डी१०, आगीच्या खड्ड्यात पाय पडणं २डी१०, कोसळत्या बोगद्याचा ढिगारा ४डी१०, लाव्हाच्या ओढ्यातून चालणं १०डी१०. स्पेलच्या बाबतीत वरची मर्यादाही ठरलेली आहे. नवा स्पेल रचताना पुस्तक सुचवतं: एका निशाण्यावर कॅन्ट्रिपला १डी१०, पहिल्या लेव्हलला २डी१०, दुसऱ्या लेव्हलला ३डी१०. युक्तीचं एकूण डॅमेज त्या लेव्हलच्या या आकड्याच्या वर जाऊ देऊ नका.

डॅमेज नको असेल तेव्हा अ‍ॅडव्हान्टेज किंवा डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा किंवा छोटा घेणं) हे सगळ्यात सुटसुटीत बक्षीस. आणि डीसी, म्हणजे यशासाठी फाशावर गाठायचा आकडा? १० सोपा, १५ मध्यम, २० कठीण. दहापैकी सात वेळा १५ बरोबर ठरतो.

सहावी पायरी: मोठ्याने सांगा आणि लिहून ठेवा

निवाडा एका वाक्यात, कारणासकट, फासा टाकण्याच्या आधी: "ग्रीस पेटेल, दोन राउंड, ५ डॅमेज, मग संपलं. टाकतोस?" खेळाडूला मागे फिरायची मुभा असली पाहिजे. त्याच्या डोक्यात आगीचा डोंब होता आणि तुमच्या डोक्यात पाच डॅमेज, तर स्पेल स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधींपैकी एक) खर्ची पडल्यावर हे कळणं त्याच्यावर अन्याय आहे.

मग वहीत लिहा: तारीख, स्पेल, काय ठरलं. तेच प्रकरण दोन महिन्यांनी उलटं सुटलं तर खेळाडू ते विसरत नाहीत. सेशन चालू असताना दोन मिनिटांत पुस्तकात सापडलं नाही तर तात्पुरता निवाडा द्या, वहीत फुली मारा, घरी गेल्यावर नियम बघा आणि पुढच्या वेळी सुरुवातीलाच सांगा की हे आता असं चालेल. मागचं मात्र उलटवू नका. मेलेला मेलाच.

वास्तवाची तराजू दोन्ही बाजूंना सारखी लावा, यावर विशेष लक्ष ठेवा. काही डीएम फक्त खेळाडूंच्या विरोधात वास्तव आठवतात: त्यांच्या फायरबॉलने खजिना जळतो, ड्रॅगनच्या आगीने ड्रॅगनचा खजिना जळत नाही. काही टेबलांवर उलट, सगळ्यात मोठ्या आवाजात विज्ञान बोलणाऱ्या खेळाडूलाच फायदे मिळत जातात आणि शांत बसणारी क्लेरिक मुकाट नियमाने खेळते. वही असेल तर हे दोन्ही कागदावर दिसून येतं.

कुणी नियमांनाच भौतिकशास्त्र करून टाकलं, तर त्याचंही उत्तर तयार आहे. प्रसिद्ध युक्ती अशी: हजारो गावकरी रांगेत उभे करायचे, प्रत्येकाने रेडी अ‍ॅक्शन (ठरल्या क्षणासाठी राखून ठेवलेली कृती) घेऊन भाला पुढच्याच्या हातात द्यायचा, ६ सेकंदांत भाला मैलोगणती जातो, म्हणजे शेवटी तो गोळीपेक्षा वेगात सुटला पाहिजे. यात नियम हवे तिथे नियम आणि विज्ञान हवं तिथे विज्ञान घेतलेलं आहे. २०२४ च्या डीएमच्या पुस्तकाने हे उदाहरण घेऊनच सांगितलं की खेळाचे नियम म्हणजे जगाचं भौतिकशास्त्र नव्हे. शेवटचा गावकरी भाला फेकतो तेव्हा तो साध्या भाल्याएवढाच लागतो, १डी६.

हे सगळं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'साठी. १९९३ च्या 'मेज: द असेन्शन'मध्ये आजूबाजूच्या साध्या लोकांना पटण्याजोगी जादू सोपी, आणि उघडउघड अशक्य दिसणारी जादू टाकणाऱ्यावर पॅराडॉक्स म्हणून उलटते, तिथे वास्तव हाच नियमाचा गाभा आहे, आणि वरची दुसरी पायरी तशीच्या तशी लावली तर खेळ बिघडेल. दुसरा खेळ सुरू करताना आधी त्याच्या पुस्तकातलं जादूचं तेवढं एक प्रकरण वाचून घ्या.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा: गटातल्या प्रत्येकाच्या पत्रकावरचे स्पेल मागवा, त्यातले आग, पाणी, वीज, धातू आणि आकार यांना हात घालणारे वेगळे काढा. तिसऱ्या लेव्हलच्या गटात असे सहसा सहा-आठच निघतात. त्या खेळाडूबरोबर बसून मजकूर मोठ्याने वाचा आणि त्याला विचारा, याचं तू काय काय करणार आहेस. लेव्हल वाढली की नव्या स्पेलसाठी पुन्हा दहा मिनिटं. पाचव्या लेव्हलला फायरबॉल येईल तेव्हा शेल्फ, पेटी आणि काचेची खिडकी या तिन्हींचं उत्तर खेळाडूलाच ठाऊक असेल.